संगणक डॉक्टर होईल का?

अलीकडे दवाखान्यात एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "डॉक्टरसाहेब, आता सगळं मोबाइलच सांगते. पुढं तुमचं काम राहीन का?" विचारणारे हसत हसत विचारतात, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रुग्ण माझ्याकडे येण्यापूर्वी आपली लक्षणे मोबाइलला सांगून आलेला असतो. कधी त्यावर आलेले उत्तर तो मला वाचूनही दाखवतो. काही वेळा ते उत्तर बरोबर असते. काही वेळा त्या उत्तरापायी मोलाचे दोन दिवस वाया गेलेले असतात. म्हणून या आठवड्यात कोणत्याही एका रोगाविषयी न लिहिता, संगणक आणि आपले आरोग्य यांचे पुढे काय नाते राहणार आहे, याविषयी लिहीत आहे.

संगणक दवाखान्यात केव्हाच आला आहे

संगणक म्हटला की टेबलावरचा पडदा आणि कळफलक डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात तो दवाखान्यात वेगळ्याच रूपाने फार पूर्वी शिरला. सी.टी. स्कॅन हे त्याचे ठळक उदाहरण. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने हे यंत्र बनवले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू त्यावर पाहण्यात आला. साध्या एक्स-रेमध्ये पुढचे-मागचे सगळे एकावर एक पडलेले दिसते. सी.टी. स्कॅनमध्ये निरनिराळ्या कोनांतून क्ष-किरण सोडतात आणि पलीकडे किती किरण पोहोचले त्याचे हजारो आकडे संगणक जुळवतो. त्यातून शरीराचा जणू सुरीने कापलेला काप पडद्यावर उमटतो. म्हणजे ते चित्र म्हणजे मुळात एक मोठे गणित आहे. या शोधासाठी हाउन्सफील्ड यांना गणिताची बाजू मांडणाऱ्या अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तातील साखर मोजणारे घरगुती यंत्र, मनगटावरचे घड्याळ, बोटाला चिमट्यासारखे लावायचे पल्स ऑक्सिमीटर, या सर्वांत छोटा संगणकच बसलेला असतो. तो किती छोटा आणि किती वेगवान झाला, ते पाहण्यासारखे आहे. आपल्याच वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. देशाला त्याचा अभिमान वाटला आणि तो रास्तच होता. आज आपल्या खिशातला साधा स्मार्टफोन त्या महासंगणकापेक्षा वेगाने आकडेमोड करतो. तेव्हा संगणक येणार का, हा प्रश्न आता उरलेला नाही. तो कोणते काम कितपत नीट करील, एवढाच प्रश्न आहे.

यंत्र शिकते म्हणजे काय?

आपल्याकडे कापसाचा जुना जाणकार व्यापारी चिमूटभर कापूस घेतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढून पाहतो आणि प्रत सांगतो. त्याला विचारले की कसे ओळखले, तर धड सांगता येत नाही. हजारो गाड्या कापूस हाताखालून गेल्यावर हाताला ते कळू लागते. नवे संगणक जवळपास असेच शिकतात. पूर्वी संगणकाला प्रत्येक नियम लिहून द्यावा लागे. आता त्याला लाखभर चित्रे आणि प्रत्येकाचे बरोबर उत्तर दाखवतात, आणि तो त्यातला सारखेपणा आपणच हुडकून काढतो. यालाच कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात.

हा विचारही नवा नाही. इंग्लंडमधील लीड्स येथे डॉ. डी डॉम्बल यांनी अचानक पोट दुखू लागलेल्या रुग्णांवर असा प्रयोग केला आणि तो १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. दुखणे कुठे सुरू झाले, कुठे सरकले, उलटी झाली का, दाबल्यावर कुठे दुखते, अशी माहिती ठराविक फॉर्मवर लिहून संगणकाला द्यायची. पूर्वीच्या रुग्णांच्या नोंदींवरून तो अपेंडिक्स, पित्ताशय, अल्सर यांपैकी कशाची शक्यता किती, हे सांगे. ३०४ रुग्णांत संगणकाचे निदान सुमारे ९२ टक्के वेळा बरोबर आले, तर तेथील ज्येष्ठ डॉक्टरांचे सुमारे ८० टक्के वेळा.

मग तो संगणक जगभर का पसरला नाही? त्याची दोन कारणे मला बोधप्रद वाटतात. पहिले असे की, संगणक स्वतः पोट दाबून पाहत नव्हता. रुग्णाजवळ बसून प्रश्न विचारणारा आणि हात लावून तपासणारा डॉक्टर लागतच होता. त्याने माहिती चुकीची भरली की उत्तरही चुकीचे. दुसरे असे की, तीच पद्धत दुसऱ्या देशात नेल्यावर तिचा अचूकपणा बराच उतरला. ज्या गावचे रुग्ण पाहून यंत्र शिकले, त्या गावाबाहेर ते बुचकळ्यात पडले. एका भागाचा कापूस पाहत आलेल्या माणसापुढे दुसऱ्याच जातीचा कापूस ठेवावा, तसे. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे.

आज यंत्राला काय साधते?

मधुमेहाचे उदाहरण घेऊ. अनेक वर्षांच्या मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. सुरुवातीला दृष्टी चांगली असते, दुखत नाही, खुपत नाही. त्यामुळे रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे जात नाही आणि जातो तेव्हा उशीर झालेला असतो. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी डोळ्याच्या पडद्याची १ लाख २८ हजारांवर छायाचित्रे संगणकाला दाखवली. त्यांत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह भारतातील रुग्णालयांची छायाचित्रेही होती. त्यानंतर यंत्राने हा विकार नेत्रतज्ज्ञांच्या तोडीने ओळखला. याचा अर्थ तालुक्याच्या गावी नेत्रतज्ज्ञ नसला तरी प्रशिक्षित परिचारिका फोटो काढू शकेल आणि कोणाला तातडीने पाठवायचे, ते तिथल्या तिथे कळू शकेल.

क्षयरोगाचेही तसेच. छातीचा एक्स-रे वाचायला तज्ज्ञ सर्वत्र मिळत नाहीत. १५ वर्षांवरील व्यक्तींच्या एक्स-रेमध्ये संशयित क्षयरोग हुडकण्यासाठी संगणकाची मदत घेण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. आपल्या देशात ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे आणि त्यांच्या जोडीला असे संगणक वापरण्यात आले. येथे एक खुलासा हवा. संगणक फक्त "संशय आहे" एवढेच सांगतो. क्षयरोग आहे हे थुंकीच्या तपासणीनेच ठरवायचे असते.

तिसरी सोय आहे दूरवरून सल्ल्याची. केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' सेवा २०१९ मध्ये सुरू झाली. उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून पडद्यावर दूरच्या डॉक्टरांशी गाठ घालून देतो. 'उंटावरून शेळ्या हाकणे' अशी टीका यावर होऊ शकते. पण रुग्णाजवळ नाडी आणि रक्तदाब पाहणारा प्रशिक्षित माणूस बसलेला असेल, तर झरी-जामणीसारख्या तालुक्यातील वृद्धाला बी.पी.च्या नेहमीच्या गोळ्यांसाठी मजुरी बुडवून लांबचा प्रवास करावा लागत नाही. हा लाभ लहान नाही.

गाडी कुठे अडते?

आता दुसरी बाजू पाहू. डोळे तपासणारे ते यंत्र थायलंडमधील दवाखान्यांत नेले, तेव्हा जवळपास पाचव्या हिश्श्याचे फोटो यंत्राने नाकारले. खोलीत प्रकाश नीट नव्हता, फोटो अस्पष्ट येत होते, त्यात इंटरनेटही रखडत होते. प्रयोगशाळेत पहिला नंबर काढणारा विद्यार्थी गावात येऊन गांगरावा, तसा हा प्रकार. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाते आणि पावसाळ्यात रेंज जाते, हे मी सांगायला नको.

याहून खोल धडा ऑक्सिमीटरचा आहे. ते बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाशकिरण सोडते. किती प्रकाश शोषला गेला यावरून, आधी निरोगी स्वयंसेवकांवर चाचण्या करून बनवलेल्या तक्त्याच्या आधारे, ऑक्सिजनचा आकडा सांगते. कोरोनाच्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की, आकडा चांगला दिसत असूनही रक्तात ऑक्सिजन कमी असण्याचा प्रकार गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळपास तिप्पट वेळा घडतो. यंत्राच्या मनात भेदभाव नव्हता. त्याचा तक्ता बनवताना काळ्या त्वचेचा पुरेसा विचार झालेला नव्हता, एवढेच. उन्हात राबून रापलेल्या आपल्या शेतकऱ्याने यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आकडा ९५ दाखवत असला, पण बोलता बोलता धाप लागत असेल, तर धापेवर विश्वास ठेवावा, आकड्यावर नाही.

भाषेचा प्रश्न त्याहून अवघड. माझ्याकडे येणारा रुग्ण "जीव घाबरल्यासारखा करते" म्हणतो. याचा अर्थ साखर उतरली, हृदयाचे ठोके चुकले, रक्त कमी झाले, की कर्जाच्या काळजीने झोप उडाली, यांपैकी काहीही असू शकतो. "अंगात कसकस आहे" याला पुस्तकात शब्द नाही. आपल्या जिल्ह्यात वऱ्हाडीबरोबर बंजारा, गोंडी, कोलामी बोलणारी माणसे आहेत. कोलामीतले दुखणे समजून घ्यायला आजच्या किती यंत्रांना शिकवले असेल, याची कल्पना आपणच करावी. शिवाय सून सासूसमोर काय बोलत नाही आणि सासू बाहेर गेल्यावर काय सांगते, हे डॉक्टरला ठाऊक असते.

मोबाइलवर गप्पा मारल्यासारखी उत्तरे देणाऱ्या यंत्रांबद्दल थोडे वेगळे सांगितले पाहिजे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये 'चॅटजीपीटी' आल्यापासून त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. ही यंत्रे प्रचंड मजकूर वाचून, कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येणे संभवते, ते शिकलेली असतात. त्यामुळे भाषा सफाईदार असते आणि पुष्कळदा माहितीही बरोबर असते. धोका असा की, चुकीचे उत्तरही ती तितक्याच ठामपणे देतात. ती आपली नाडी पाहत नाहीत आणि आपण न सांगितलेले त्यांना दिसत नाही. मागे एक पन्नाशीचे गृहस्थ माझ्याकडे आले. छातीत जळजळ आणि घाम. आदल्या रात्री मोबाइलला त्यांनी जळजळ सांगितली, घाम सांगायचा राहिला, आणि मधुमेह आहे हेही सांगितले नाही. उत्तर आले अ‍ॅसिडिटीचे. ई.सी.जी. काढला तर हृदयविकाराचा झटका. वेळीच पुढे पाठवता आले म्हणून ते आज हिंडते-फिरते आहेत. मधुमेहात झटक्याची वेदना पुष्कळदा फसवी असते. म्हणून माझ्यासारखा डॉक्टर न सांगितलेला घामही विचारतो, आणि पाठीला हात लावून पाहतो.

आपल्या जिल्ह्याला उद्या काय हवे?

मला विचाराल तर संगणकाने आधी आपली तीन कामे करावीत.

पहिले काम फवारणीचे. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले. ते दिवस येथील कोणताही डॉक्टर विसरणार नाही. पुष्कळांनी दोन-तीन औषधे एकत्र केलेली, डबा शेतातच राहिलेला, त्यामुळे नेमके कोणते विष शरीरात गेले हेच कळत नसे. उपचार तर विषागणिक बदलतात. ड्रोनने फवारणी सुरू झाली आहे. ती वाढली तर विषाचा पंप माणसाच्या पाठीवरून उतरेल. पण वारा असेल तर ड्रोनचा फवाराही शेजारच्या शेतात निंदणाऱ्या बायांवर येतो, याचे नियम पाळले गेले पाहिजेत. आणि एका दिवसात तीन गावांतून सारखीच लक्षणे असलेले रुग्ण येऊ लागले, तर संगणकाने त्याच संध्याकाळी इशारा द्यायला हवा. त्यासाठी मोठ्या बुद्धिमत्तेची गरज नाही. प्रत्येक दवाखान्याने नोंद वेळेवर करावी, एवढे पुरे.

दुसरे काम सिकलसेलचे. विदर्भातील आदिवासी आणि इतरही काही समाजांत हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, म्हणून तपासणीशिवाय कळत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले. एवढ्या नोंदी कागदावर सांभाळणे अशक्य. पण नोंद संगणकात गेली म्हणजे काम संपले असेही नाही. वाहक असलेल्या मुलामुलीला लग्नाआधी शांतपणे समजावून सांगणारे माणूसच लागते.

तिसरे काम मधुमेही डोळ्यांचे, ते वर आलेच आहे.

या तिन्हींत यंत्र आपल्या माणसांच्या नोंदींवर शिकले पाहिजे. लीड्सच्या यंत्राची गोष्ट आठवा. पांढरकवडा, पुसद, उमरखेडच्या रुग्णांची माहिती त्यात नसेल, तर ते यंत्र आपल्याला परदेशी कापसाचा भाव सांगेल.

माहिती कोणाची?

येथे एक सावधगिरी. आता 'आभा' नावाचा १४ अंकी आरोग्य क्रमांक काढून मिळतो. रिपोर्ट, चिठ्ठ्या त्याला जोडल्या की फाइल हरवण्याचे दुखणे टळते, नागपूरच्या डॉक्टरला जुने उपचार दिसतात. ही सोय चांगली आहे. परंतु आजाराची माहिती म्हणजे घराची किल्ली. सिकलसेल, क्षयरोग, मनाचे आजार यांची वाच्यता झाली तर सोयरिकी मोडतात. आपली माहिती कोणी पाहायची, हे आपल्या संमतीने ठरते. मोबाइलवर आलेला संमतीचा क्रमांक, म्हणजे ओ.टी.पी., कोणालाही सांगू नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा झाला आहे, पण कायद्याआधी आपले तोंड सांभाळलेले बरे.

वाचकांसाठी काही सूचना

१. छातीत दुखणे, घाम, धाप, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, झटके येणे, यांत मोबाइलला काहीही विचारू नये. त्याचा उपयोग फक्त १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावण्यासाठी करावा.

२. साप चावल्यास त्याची जात शोधत बसू नये, त्याचा पाठलागही करू नये. आपल्याकडील प्रतिविष चार प्रमुख विषारी सापांवर एकच असते आणि उपचार लक्षणांवरून ठरतात. चावलेला भाग हलू न देता रुग्णालय गाठावे.

३. फवारणीपूर्वी औषधाच्या डब्यावरील नावाचा आणि रंगीत त्रिकोणाच्या चिन्हाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल. विषबाधा झाल्यास हा फोटो डॉक्टरला फार मोलाचा असतो.

४. मोबाइलने सांगितलेले औषध दुकानातून परस्पर आणू नये. २५ मार्च २०२० रोजी दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम आले. त्यांनुसार यंत्राला स्वतः रुग्णास सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची मुभा नाही. यंत्र डॉक्टरला मदत करू शकते, एवढेच.

५. घरच्या यंत्रावर बी.पी. आणि साखर मोजत असाल तर तारीख व वेळ घालून वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवावे. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा महिन्याभराची नोंद जास्त बोलते.

६. मोबाइलवर वाचलेले डॉक्टरला जरूर दाखवावे, लाजू नये. जो डॉक्टर त्यावर चिडतो, त्याने थोडा धीर धरायला शिकावे.

शेवटी

संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये असे म्हटले होते की, क्ष-किरणतज्ज्ञ शिकवणे आता थांबवावे, कारण पाच वर्षांत संगणक त्यांच्या पुढे जाईल. हे गृहस्थ साधे नव्हेत. २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. तरीही पाच वर्षे कधीच उलटून गेली आणि क्ष-किरणतज्ज्ञ आजही हवेच आहेत. संगणक त्यांच्या हाताखाली आला, त्यांच्या जागी नाही. माझ्या मते साध्या डॉक्टरचेही असेच होईल. फॉर्म भरणे, जुने रिपोर्ट शोधणे, औषधांचा एकमेकांशी झगडा होतो का ते पाहणे, ही कामे यंत्र माझ्यापेक्षा चांगली करील आणि त्याने ती जरूर करावीत. त्यातून वाचलेला वेळ मी रुग्णाकडे पाहण्यात घालवला, तर त्या संगणकाचा उपयोग झाला असे म्हणेन. तो वेळ आणखी दहा रुग्ण उरकण्यात गेला, तर नुकसान रुग्णाचे. आपल्या डॉक्टरने काय केले, यावर वाचकांनी जरूर लक्ष ठेवावे.